सात मोजेपर्यंत न बुडणारी नानकटाई

गेल्या डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. ठिकाण लातुरातलं आमचं स्वयंपाकघर. हजर तिघं: मी, माझी बायको आणि आदल्या संध्याकाळी नांदेडकडच्या उमरीहून आलेले माझे सासरे. ओट्यावर मैदा, रवा, तूप, पिठीसाखर, वेलदोडे आणि चारोळी असा एकूण चारशे अठरा रुपयांचा माल मांडलेला. तूप विकतचं होतं, नाहीतर रक्कम बरीच खाली आली असती.

हा माल कशासाठी मांडला होता ते आधी सांगतो. सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणतो. वय एक्याऐंशी. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून आप्पा उमरीच्या घरात एकटे राहतात. श्रावणात ते न्हाणीत घसरले आणि दूधवाला येईपर्यंत दीड तास तिथेच बसून राहिले. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून माझ्या बायकोला नीट झोप नाही. आप्पांनी कायमचं आमच्याकडे राहावं असं तिचं म्हणणं. आप्पांचं उत्तर दर वेळी एकच.

"लातूर चांगलं गाव हाय. पर तुमच्याकडं च्या न्हाई."

चहा नाही म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. आमच्याकडे दिवसातून दोनदा चहा होतो आणि सोबत पुड्यातलं बिस्कीट असतं. आप्पांना चहा चार वेळा लागतो, आणि सोबत भाजलेलं, घरच्या पिठाचं काहीतरी लागतं. शेवटी नोव्हेंबरात बाप-लेकीची फोनवर बोली ठरली. आप्पा सात दिवस येतील. सात दिवसांत मनाजोगता चहा आणि मनाजोगती नानकटाई मिळाली तर राहतील. नाही मिळाली तर आठव्या दिवशी सकाळी बायको स्वतः त्यांना नांदेडच्या गाडीत बसवून देईल आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, त्यामुळे परत जाण्यात आप्पांचं काहीच जाणार नव्हतं. ज्या बोलीत एका बाजूचं काहीच जात नाही ती बोली कच्ची, हे मी बायकोला सांगितलं.

"हे तुम्ही मोंढ्यात सांगा," ती म्हणाली.

मी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडतीवर कामाला आहे. शेतकऱ्याचं सोयाबीन आलं की त्यातलं मापभर यंत्रात घालायचं, ओलावा किती आहे तो बघायचा आणि आकडा लिहायचा. बावीस वर्षं हेच काम. त्यामुळे आकडा पुढे असल्याशिवाय एखादी वस्तू चांगली की वाईट हे मला ठरवता येत नाही. या सात दिवसांत माझ्या या सवयीचा घराला उपयोग होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही, हेही नमूद करतो.

आप्पांना स्वतःचे चार दात आहेत. कवळी आहे, पण ती सदऱ्याच्या खिशात असते. तेव्हा त्यांना सगळं चहात बुडवून खावं लागतं, आणि बुडवण्याची रीत ठरलेली आहे. नानकटाई अर्धी बुडवायची, तशीच धरून सात मोजायचं आणि बाहेर काढायची. ती अखंड बाहेर आली पाहिजे आणि तोंडात गेल्यावर न चावता विरली पाहिजे.

"तुझ्या मायची सातपर्यंत टिकायची," असं ते पहिल्याच दिवशी लेकीला म्हणाले, आणि खुर्चीत मांडी घालून बसले.

रविवारी बायकोने फोनवरचा व्हिडिओ तीनदा थांबवून थांबवून नानकटाई केली. दिवाळीत घेतलेला लहान ओव्हन होता, त्यात चोवीस बसल्या. आलं-वेलदोड्याचा चहा झाला. आप्पांनी एक उचलली, उलटी करून पाहिली, बुडवली.

"येक. दोन."

मग त्यांनी बोटांकडे पाहिलं. बोटांत काही नव्हतं.

"गेली," आप्पा म्हणाले.

"कुठं गेली?" बायको.

"तळाला."

त्यांनी चमचा मागितला, कपात फिरवला आणि दोन घास खाल्ले. "लापशी ब्येस झालीय. पर म्या लापशी सांगितली नव्हती."

मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: रविवार, दोन.

"अहो, हे लिहून ठेवायचं असतं का?"

"मग लक्षात कसं राहील?"

"मला राहील," बायको म्हणाली.

सोमवारी तिने तूप कमी केलं आणि ओव्हन जास्त तापवला. नानकटाया दिसायला सुरेख झाल्या, एकीलाही चीर नाही. आप्पांनी बुडवली. सात झाले, तेरा झाले, वीस झाले. मग त्यांनी ती माझ्याकडे दिली. "जावईबापू, जरा तुमी धरा. माझा हात भरून आला." मी चाळीसपर्यंत धरली. बाहेर काढली तेव्हा ती आतून कोरडी होती, चहा मात्र निवून गेला होता. आप्पांनी ती बशीच्या काठावर दोनदा वाजवली. बशीचा टवका उडाला.

त्या संध्याकाळी शेजारणीच्या कुंडीतली पाती आणून गवती चहा केला. आप्पा वास घेऊन म्हणाले, "वैरण उकळली का ग?" मला मात्र तो चहा फार आवडला. इतकी वर्षं ती कुंडी मी रोज बघतो, पण त्यातलं काही प्यायचं असतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी दुसरा कप घेतला. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून एवढं कळलं की या सात दिवसांत कोणता चहा मला आवडतो हा प्रश्नच नव्हता.

मंगळवारी मी शेठजींची परवानगी काढून ओलावा मोजायचं यंत्र घरी आणलं. परवानगी काढताना थोडी चर्चा झाली.

"कशाचा ओलावा?" शेठजी म्हणाले.

"नानकटाईचा."

"किती क्विंटल आहे?"

"चोवीस नग."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि उद्या सकाळी आठच्या आत यंत्र परत पाहिजे एवढंच सांगितलं.

माझं गणित सरळ होतं. रविवारची दोनवर बुडाली, सोमवारची चाळीसपर्यंत बुडाली नाही. दोन्हींचा ओलावा मोजला तर सातची नानकटाई त्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी सापडणार. अडचण अशी की यंत्रात दाणे घालावे लागतात. म्हणून मी रविवारच्या सहा आणि सोमवारच्या सहा नानकटाया कुटून सोयाबीनच्या दाण्याएवढे तुकडे केले. सोमवारच्यांना बत्ता लागला. दुसरी अडचण, यंत्रावर सोयाबीन, तूर, हरभरा, मूग, ज्वारी अशी बटणं आहेत, नानकटाईचं नाही. रंग जुळतो म्हणून मी हरभरा लावला. आकडा आला सहा. खात्री करावी म्हणून तोच माल तुरीवर लावला, तर अकरा. सोयाबीनवर लावला, तर यंत्राने आकडा दाखवायचंच बंद केलं.

आप्पा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले होते.

"काय भाव लागला?"

"अजून लागला नाही."

"ओला हाय म्हणून कापू नका. लेकरानं लई कष्टानं पिकवलाय."

बायको ओट्याशी पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती हसतेय असं मला वाटलं. तसं नव्हतं. बारा नानकटाया यंत्रात गेल्या, तीन दिवस गेले, आणि तुम्हाला खेळ सुचतो, असं ती म्हणाली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "ते गेले आणि पुन्हा घसरले, तर त्या दिवशी दूधवाला सुट्टीवर असंल."

मी यंत्र पुसून डब्यात ठेवलं.

त्याच दिवशी मला आणखी एक शोध लागला होता, पण तो मी सांगितला नाही. आप्पांचे सात म्हणजे घड्याळाचे सात नव्हेत. सकाळी, पोट रिकामं असताना, त्यांचे सात पाच सेकंदांत होतात. दुपारच्या झोपेनंतर अकरा सेकंद लागतात. याचा अर्थ सकाळी नापास झालेली नानकटाई दुपारी आणखीच नापास होणार, आणि दुपारची एखादी सकाळी पास होऊ शकते. पण हे कोणाला सांगून काय होणार होतं.

बुधवारी पुण्याहून मुलीचं पार्सल आलं. ती तिथे नोकरीला आहे आणि तिला ही सात दिवसांची बोली माहीत होती. तीन प्रकारचे चहा पाठवले होते: हिरवा, मोगऱ्याचा आणि जास्वंदीचा लाल. पाकिटावर तीन मिनिटं लिहिलं होतं, मी घड्याळ लावून तीन मिनिटं ठेवले.

हिरवा चहा पिऊन आप्पांनी विचारलं, "ह्यो उपासाचा हाय का?"

मोगऱ्याचा पिऊन म्हणाले, "कुणाच्या लग्नातून आणला? अत्तरदाणी धुतल्यावानी लागून राहिलाय."

जास्वंदीचा चहा काचेच्या ग्लासात कुंकवासारखा लालभडक दिसत होता. तो बघून आप्पा जरा पुढे सरकले, आणि मला वाटलं, जमतंय. पण बायकोने हाताच्या सवयीने त्यात दूध घातलं. दूध फाटलं. ग्लासात गुलाबी गुठळ्या फिरायला लागल्या. आप्पांनी ग्लास उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला.

"ह्ये रांगोळीत भरायला चालंल," ते म्हणाले.

मोगऱ्याचा चहा उरला होता, तो मी आत जाऊन उभ्याने प्यालो. वास मोगऱ्याचा येतो पण तोंडात फूल येत नाही. पहिल्यांदा मला तो फसवणुकीसारखा वाटला, तिसऱ्या घोटाला आवडला. आता महिन्यातून दोनदा मी तो घेतो.

गुरुवारी सकाळी आप्पांनी नांदेडच्या गाडीची वेळ विचारली. सहज विचारतो असं दाखवून विचारली. बायको पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"आप्पा, एक सांगा. आई कशात भाजायची?"

"तुझी माय कुठं भाजायची? ती मळायची."

"मग भाजायचं कोण?"

"भट्टी. म्या डबा घेऊन बेकरीत जायचो. पाव निघाले की आपले ट्रे लागायचे. चार घंटे तिथंच बसायचो. तू शाळेतून यायचीस तवर ताटात असायची."

बायको हातातल्या पिठासकट खाली बसली. तिला आठवत होती ती आईने पुढे ठेवलेली नानकटाई. चाळीस वर्षं ती आईनेच भाजलेली म्हणून आठवत होती.

"मग चार दिवस झाले, सांगितलं का नाही तुम्ही?"

"तू इचारलं न्हाईस. तू मशीन लावून राहिलीस, जावईबापू घड्याळ लावून राहिले. म्हणलं, लातुरात असंच करत असत्याल."

आता यात आमची चूक अशी की भट्टी काही उमरीतच नाही. लातुरात आमच्या घरापासून सहाशे पावलांवर एक बेकरी आहे. दिवाळीच्या आधी निम्मं गाव मैदा, तूप, साखर घेऊन तिथे रांगेत बसतं आणि आपापली बिस्किटं भाजून नेतं. आम्हीही परवापरवापर्यंत तेच करत होतो. ओव्हन घरात आला, आणि दोनच महिन्यांत भट्टी आमच्या डोक्यातून पार गेली.

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बायकोने दोन किलो मैद्याचं पीठ मळलं. मी तिला गोळे करू लागलो, आणि प्रत्येक गोळा वजनकाट्यावर ठेवून बावीस ग्रॅमचा केला. एकूण एकशे ऐंशी गोळे. यासाठी दोन तास लागले. बायकोने तेही चालवून घेतलं, कारण तो सहावा दिवस होता. निघताना मी काटाही पिशवीत टाकला.

बेकरीत शिरल्याबरोबर आप्पांची चाल बदलली. आमच्या घरात ते भिंतीला हात लावून चालतात. तिथे ते सरळ भट्टीच्या तोंडापर्यंत गेले आणि आत वाकून पाहिलं.

"लकड़ी बबूल की डालते क्या?"

"और क्या, चंदन की डालूँ?" भट्टीवाला म्हणाला. पन्नाशीचा, अंगात बनियन, कोपरापर्यंत पीठ. "बैठो बाबा. पाव निकलने दो, फिर तुम्हारा लगातूं."

भिंतीला लागून लाकडी बाक होता. त्यावर डबे घेतलेल्या तीन बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एक लातूरजवळच्या मुरुडच्या होत्या, आमच्याच वयाच्या. मुलीच्या लग्नाच्या रुखवतात ठेवायला दहा किलोची नानकटाई त्यांना करून न्यायची होती, ती त्या तीन खेपांत करणार होत्या. आप्पा त्यांच्या शेजारी बसले. समोरच्या टपरीवरून चहा आला. काळा पडेपर्यंत उकळलेला, साखर मोजलेली नाही, आणि वर साय धरलेली. आप्पांनी तो प्यायला, आणि तासाभरात आणखी तीन प्यायले. एकालाही नाव ठेवलं नाही.

बायकोला राहवलं नाही. "पाच दिवस माझ्या चहाला नावं ठेवलीत, आणि हा चालतो?"

"ह्यो च्या न्हाई ग. ह्यो बसायचं भाडं हाय."

सव्वाचारला ट्रे निघाले. आमचे तीन आणि मुरुडच्या ताईंचे तीन. सगळ्यांवर मधोमध एकेक चारोळी, कारण लातूर जिल्ह्यात नानकटाईवर चारोळीच लावतात. ट्रेच्या काठावर भट्टीवाल्याने खडूने खुणा केल्या होत्या, त्या आत जळून गेल्या. तीन ट्रे डावीकडे लागले, तीन उजवीकडे, आणि कोणते कोणाचे हे त्याला सांगता येईना.

"दोनों का माल एकसरीखा है," तो म्हणाला. "तीन तीन लेव, बात खतम."

"असं कसं?" मुरुडच्या ताई म्हणाल्या. "रुखवतात मांडायचंय मला."

"थांबा," आप्पा म्हणाले. "म्या सांगतो."

त्यांनी टपरीचा पाचवा चहा मागवला. डावीकडची एक उचलली, बुडवली. येक, दोन, तीन, चार, आणि गेली. मग उजवीकडची घेतली. सगळा बाक वाकून बघत होता. सात झाले. आप्पांनी ती बाहेर काढली. अख्खी होती. तोंडात टाकली आणि डोळे मिटले. बायकोने माझा दंड धरला.

आप्पांनी डोळे उघडले आणि उजवीकडच्या ट्रेंवर हात ठेवला.

"ह्ये आमचे."

"कशावरून?" ताई म्हणाल्या.

"सातपर्यंत टिकली. आमच्या घरची सातपर्यंत टिकती."

ताई मागे सरकल्या. म्हाताऱ्या माणसाशी काय भांडायचं असा त्यांचा चेहरा होता. भट्टीवाला कागद घेऊन उजवीकडचे ट्रे आमच्या डब्यात भरायला लागला.

माझी अडचण समजून घ्या. आमचा प्रत्येक गोळा बावीस ग्रॅमचा होता. भाजल्यावर वजन घटणार, पण सगळ्यांचं सारखंच घटणार. मी पिशवीतून काटा काढला. बायकोने माझ्या पायावर पाय ठेवला, आणि तो चुकून ठेवलेला नव्हता. मी डावीकडच्या पाच ठेवल्या: एकोणीस, एकोणीस, वीस, एकोणीस, एकोणीस. उजवीकडच्या पाच ठेवल्या: सतरा, तेवीस, वीस, पंचवीस, अठरा.

"आप्पा," मी म्हणालो, "डावीकडचे आपले. हे ताईंचे आहेत."

भट्टीवाला वळून भट्टीत बघायला लागला, जिथे आता काही नव्हतं. आप्पा कपाच्या तळाशी बघत राहिले.

"आजोबा," मुरुडच्या ताई म्हणाल्या, "खोटं बोलायचं असलं की जावई घरी ठिवून यावं."

"कुठं ठिवू?" आप्पा म्हणाले. "घर त्येंचंच हाय."

बाकावरच्या बायका हसल्या. ताईही हसल्या, आणि आपल्या ट्रेमधल्या आठ-दहा कागदात बांधून त्यांनी आप्पांच्या हातात दिल्या. माझ्या बायकोने कृती विचारली तेव्हा त्यांनी लपवली नाही. चार वाट्या मैद्याला एक वाटी भाजलेलं बेसन घालायचं, आणि मळलं की लगेच धावत सुटायचं नाही, रात्रभर झाकून ठेवायचं.

घरी येईपर्यंत आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. बायकोही नाही. तिला एवढंच म्हणायचं होतं, आणि ते तिने जेवणं झाल्यावर म्हटलं, की त्यांच्या तोंडून 'आमच्या घरची' असं पहिल्यांदा निघालं होतं. काटा आणखी पाच मिनिटं पिशवीत राहिला असता तर काय बिघडलं असतं. दुसऱ्याच्या मुलीच्या रुखवतातली नानकटाई आमच्या डब्यात घेऊन मी घरी जाऊ शकलो नसतो, एवढंच मला कळत होतं. आणि तेवढ्याने तिचं समाधान होणार नव्हतं.

शनिवारी मला कोणी चहा दिला नाही. दुपारी मी स्वतः केला. पाण्यात सुंठ आणि थोडी मिरी उकळली, पत्ती घातली, दूध घातलं, भांडं खाली उतरवलं आणि मग गूळ टाकला. गूळ आधी टाकला की दूध फाटतं, हे मी बुधवारच्या गुलाबी ग्लासावरून धडा घेऊन शेजारणीला विचारून आलो होतो. एक ग्लास आप्पांच्या पुढे ठेवला. सोबत आमची चारवर बुडणारी नानकटाई ठेवली. त्यांनी ती बुडवली नाही, बशीत चुरली आणि वर चहा ओतून चमच्याने खाल्ली.

"कुणी केला?"

"मी."

"अजून हाय का?"

होता. संध्याकाळी बायकोने बेसन घालून पुन्हा एकदा दोन किलोचं पीठ मळलं आणि डबा झाकून ओट्यावर ठेवला. कशासाठी ते तिने सांगितलं नाही. आप्पांची पिशवी त्यांच्या खाटेशी भरलेली दिसत होती.

रविवारी, म्हणजे आठव्या दिवशी, सकाळी साडेसहाला आप्पा घरात नव्हते. टोपी नव्हती, पिशवी नव्हती, चपला नव्हत्या.

"मी बसवून देणार होते," बायको म्हणाली. "तेवढंही करू दिलं नाही." तिने मला बसस्टँडवर पाठवलं.

नांदेडच्या फलाटावर गाडी लागलेली होती. मी दारातून डोकावलो. कंडक्टरने विचारलं, कोण पाहिजे. मी म्हटलं, म्हातारे आहेत, पांढरी टोपी, धोतर.

"पांढऱ्या टोपीचे नऊ हायेत," तो म्हणाला. "कोणता देऊ?"

नऊही बघितले. आप्पा नव्हते. दुसऱ्या गाडीत चार होते, त्यांतही नव्हते. एवढ्यात बायकोचा फोन आला.

"डबा पण नाहीये."

"कसला डबा?"

"पिठाचा."

मी विचार केला. डबा नेला म्हणजे ते गेले नाहीत असं सिद्ध होत नव्हतं. मळलेलं पीठ घेऊन माणूस उमरीच्या भट्टीवरही जाऊ शकतो, आणि आप्पा नक्कीच जाऊ शकतात. तरी बेकरी वाटेत होती म्हणून आत डोकावलो.

आप्पा भट्टीच्या तोंडाशी उभे होते. बाकावर सात-आठ जणं होती, आणि आप्पांनी सगळ्यांना कामाला लावलं होतं. चारोळी बंद. प्रत्येक घराने आपली वेगळी खूण करायची. एकाने बोटाचा ठसा उमटवायचा, एकाने काडीने फुली, एकाने दोन रेघा. खूण केल्याशिवाय ट्रे आत जाणार नाही.

"साब," भट्टीवाला मला बघून म्हणाला, "तुम्हारे बाबा ने सुबह से मेरेकू नौकर बना दिया. मेरीच भट्टी में मैं पूछ के ट्रे लगा रा."

"पूछ के लगाता इसलिए बराबर लग रा," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बसा. आपला नंबर चौथा हाय. आपली फुली हाय, ध्यानात ठिवा."

मी बसलो. शेजारी मुरुडच्या ताई होत्या, शेवटच्या खेपेचा डबा मांडीवर घेऊन. त्यांनी मला जागा करून दिली आणि पिशवीत काटा आहे का विचारलं. नव्हता.

"आप्पा, नांदेडची गाडी सुटली," मी म्हणालो.

"ती रोज हाय." त्यांनी वाकून एका ट्रेवरची खूण तपासली. "पिशवीत एकच धोतर हाय. बाकीची उमरीला ऱ्हायलीत. पुढल्या हप्त्यात जाऊन आणायला लागत्याल. आन घराची चावी शेजाऱ्याकडं द्यायला लागंल."

मी बाहेर येऊन बायकोला फोन केला. आप्पा भट्टीवर आहेत, त्यांची धोतरं उमरीहून आणायची आहेत, असं सांगितलं.

"किती धोतरं?" तिने विचारलं.

मी आत जाऊन विचारलं आणि परत बाहेर आलो.

"सगळी," मी सांगितलं.

आमचे ट्रे साडेनऊला निघाले. आप्पांनी एक बुडवली आणि मोजायला सुरुवात केली. सहा म्हणाले आणि स्वतःच बाहेर काढली, अख्खी. सातपर्यंत ठेवली असती तर काय झालं असतं ते मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही. एक मलाही दिली. चांगली होती. किती चांगली ते मी मोजलेलं नाही.

त्या दिवशी दिलेले पैसे असे. भट्टीवाल्याला दोन किलो भाजायचे ऐंशी. समोरच्या टपरीवाल्याला अकरा चहांचे एकशे दहा, त्यांतले सात आप्पांचे. हे दोन्ही मी दिले. बारावा चहा मुरुडच्या ताईंनी घेतला होता. त्याचे दहा रुपये आप्पांनी, त्यांना कळू न देता, टपरीवाल्याला स्वतः नेऊन दिले.